‘मिलिंद’ हे नाव आपल्याकडे कसे आले?

स्मरणिकेच्या निमित्ताने आपल्या निवासी शाळेच्या जुन्या प्रवेश-नोंदवह्या पाहण्याचा योग आला. द्वारका परिसरातल्या या वास्तूत आजवर किती मुले येऊन गेली, कोणत्या गावांहून आली, याची माहिती त्या वह्यांत आहेच. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यांत आणखी एक गोष्ट दिसते. ती म्हणजे नावांची पिढ्यांगणिक बदलत जाणारी रांग. मुलाचे नाव आणि पालकाचे नाव एकाच ओळीत येते, त्यामुळे दोन पिढ्यांतले अंतर एका दृष्टिक्षेपात कळते. आजोबा कचरू, धोंडू किंवा दगडू. वडील मिलिंद, सिद्धार्थ किंवा राहुल. आणि आताचा नातू सम्यक वा तेजस. मधल्या पिढीतल्या ‘मिलिंद’ या एकाच नावाविषयी येथे लिहावयाचे आहे. सिद्धार्थ, राहुल, आनंद ही नावे भगवान बुद्धांच्या चरित्रातून थेट आलेली आहेत. मिलिंदाचा मार्ग फार निराळा आणि लांबचा आहे. महाराष्ट्राबाहेर हे नाव क्वचितच आढळते. मग ते आपल्याच घरांत इतके कसे रुजले?

नावाचा अर्थ विचारला तर दोन उत्तरे मिळतात. कोणी म्हणते मिलिंद म्हणजे भुंगा, कोणी म्हणते मिलिंद नावाचा बौद्ध राजा होता. दोन्ही उत्तरे खरी आहेत, आणि दोहोंचा एकमेकांशी असलेला संबंध सहज उलगडत नाही.

प्रथम राजाकडे वळू. अलेक्झांडरच्या स्वारीनंतर आजच्या अफगाणिस्तानच्या उत्तरेस, बॅक्ट्रियात, ग्रीक राज्य उभे राहिले. तेथील राजांनी हिंदुकुश ओलांडून गांधार आणि पंजाबात आपला अंमल बसविला. आपल्या प्राचीन वाङ्मयात यांना ‘यवन’ आणि पालीत ‘योनक’ म्हटले आहे. या इंडो-ग्रीक राजांपैकी सर्वांत प्रसिद्ध तो मेनांद्रोस. त्याचा काळ इ. स. पूर्व दुसरे शतक, साधारणतः १५५ ते १३०. पाली परंपरेनुसार त्याची राजधानी सागल, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आजचे पाकिस्तानातील सियालकोट. त्याचा जन्म अलसंद द्वीपातील कलसी गावी झाला, असेही ती परंपरा सांगते. अलसंद म्हणजे एखादे अलेक्झांड्रिया.

याची नाणी विपुल सापडली आहेत. एका बाजूस ग्रीक लिपीत ग्रीक मजकूर, दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत प्राकृत मजकूर. राजा दोन्ही भाषांत आपले नाव कोरून घेतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्राकृत बाजूला तो ‘महाराज’ आणि ‘त्रातर’ म्हणजे रक्षणकर्ता असलेला ‘मेनंद्र’ आहे. त्याच्या काही तांब्याच्या नाण्यांवर आठ आऱ्यांचे चक्र दिसते. ते धम्मचक्रच होय की राजचक्र, याविषयी विद्वानांत एकमत नाही. आपण ते धम्मचक्र आहे असे छातीठोकपणे सांगू नये. पुरावा जेवढा बोलतो तेवढेच बोलावे, हे बाबासाहेबांच्या ग्रंथलेखनातूनच आपण शिकलो आहोत.

ग्रीक व रोमन लेखकांनाही हा राजा ठाऊक होता. अलेक्झांडरपेक्षाही अधिक लोकसमूह या राजांनी, विशेषतः मेनांद्रोसने, जिंकले असे जुन्या आधाराने स्ट्रॅबो लिहितो. प्लुटार्क सांगतो की, न्यायाने राज्य करणारा हा राजा छावणीत मरण पावला, तेव्हा त्याच्या अस्थींसाठी नगरांत वाद झाला आणि अखेर रक्षा वाटून घेऊन प्रत्येक नगराने स्मारक उभारले. भगवान बुद्धांच्या अस्थींच्या वाटणीची कथा ज्यांना माहीत आहे, त्यांना येथे थबकल्यावाचून राहवणार नाही. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या व्यापारी मार्गदर्शिकेत भडोचच्या बाजारात मेनांद्रोसची नाणी अद्याप चालतात, अशी नोंद आहे. भडोचहून नाशिक-पैठणकडे येणारा व्यापारही त्या काळी जुनाच होता. तेव्हा आपल्या भागातल्या एखाद्या सार्थवाहाच्या कनवटीला हे नाव कोरलेले नाणे असणे मुळीच अशक्य नव्हते.

आता ‘मेनांद्रोस’चा ‘मिलिंद’ झाला कसा? ग्रीक भाषेत या नावाचे दोन घटक आहेत. एकाचा अर्थ टिकून राहणे, ठाम उभे राहणे; दुसऱ्याचा अर्थ पुरुष. प्राकृतात येताना शेवटचा ग्रीक प्रत्यय गळाला. जोडाक्षर सोपे झाले, ‘न्द्र’चा ‘न्द’ झाला. आरंभीच्या ‘मे’चा ‘मि’ झाला. बाजौर येथे सापडलेल्या अस्थिकरंडकावरील लेखात ‘मिनेद्र’ असे रूप आहेच. राहिला मधला ‘न’. तो ‘ल’ झाला. हे ऐकून नवल वाटेल, परंतु मराठी माणसाला याचे नवल वाटण्याचे कारण नाही. आपण स्वतः ‘नवनीत’चे ‘लोणी’ केले आहे, ‘निंबा’ला ‘लिंब’ म्हणतो, आणि उलट दिशेने संस्कृत ‘लांगल’चा ‘नांगर’ करून शेतात चालवतो. ‘न’ आणि ‘ल’ यांची अदलाबदल ही आपल्या जिभेची जुनी सवय आहे. याच राजाच्या दरबाऱ्यांची नावे पाली ग्रंथात ‘देवमंतिय’ आणि ‘अनंतकाय’ अशी येतात. मूळ नावे डेमेट्रियस व अँटिऑकस अशी असावीत, असे विद्वान मानतात. परकीय नाव कानाला जसे लागले, तसे त्याला ओळखीचा अर्थही मिळून गेला.

भुंग्याचे कोडे येथेच सुटते, निदान अर्धे तरी. अमरकोशात भ्रमराला अनेक पर्याय दिले आहेत: मधुव्रत, मधुकर, मधुप, द्विरेफ, षट्पद, भृंग, अली. त्या यादीत मिलिंद नाही. ‘भुंगा’ या अर्थाने तो शब्द पुढच्या काळातील संस्कृत काव्यात आणि तेथून मराठी-हिंदी कवितेत रूढ झाला. हिंदीतील कवी व नाटककार जगन्नाथप्रसाद यांनी ‘मिलिंद’ हे टोपणनाव घेतले, ते याच काव्यमय अर्थाने. माझे मत असे की, राजाचे नाव आणि भुंग्याचे नाव हे दोन स्वतंत्र प्रवाह असून केवळ उच्चारसाम्याने ते एकत्र आले. महाराष्ट्रातील सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांत हे नाव प्रथम आले ते बहुधा भुंग्याच्या अर्थाने, एक गोड, नाजूक, कवितेतले नाव म्हणून. मुंबईचे क्रिकेटपटू मिलिंद रेगे यांचा जन्म १९४९ सालचा. औरंगाबादचे महाविद्यालय त्या वेळी सुरूही झाले नव्हते. तेव्हा ‘सगळे मिलिंद औरंगाबादहून निघाले’ असे आपल्या सभांतून कधी कधी उत्साहाने सांगितले जाते, ते खरे नव्हे.

परंतु आपल्या घरांतला मिलिंद मात्र औरंगाबादहूनच निघाला, आणि त्याच्या हातात एक ग्रंथ होता.

‘मिलिंदपञ्ह’ म्हणजे मिलिंदाचे प्रश्न. राजा मिलिंद आणि भदंत नागसेन यांच्यातील संवादाचा हा पाली ग्रंथ इसवी सनाच्या आगेमागे आकाराला आला. ब्रह्मदेशात तो त्रिपिटकाच्या खुद्दकनिकायात गणला जातो. चिनी भाषेत त्याचे भाषांतर फार पूर्वी झाले, आणि तेथे ग्रंथाला नाव मिळाले ते नागसेनाचे. ग्रंथाच्या आरंभीचा राजा म्हणजे विद्वानांना वादात हरवीत सुटलेला, आणि आपल्या शंका फेडू शकेल असा कोणी उरला नाही म्हणून खंत करणारा माणूस आहे.

मला नेहमी कौतुक वाटते ते त्या संवादाच्या पहिल्याच प्रश्नाचे. राजा विचारतो ते नाव. भदंत उत्तर देतात की, लोक मला नागसेन म्हणतात. आईवडील मुलांना नागसेन, शूरसेन, वीरसेन, सिंहसेन अशी नावे ठेवतात. परंतु हा केवळ व्यवहारापुरता संकेत आहे, या नावाआड कोणी कायमचा ‘पुद्गल’ सापडत नाही. राजा चक्रावतो. मग चीवर कोण वापरतो, शील कोण पाळतो, असे तो विचारीत सुटतो. नागसेन त्यालाच उलट विचारतात की, महाराज, आपण येथे कसे आलात? रथातून. मग आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू, दोर, दांडी? प्रत्येकाला राजा ‘नाही’ म्हणतो. हे सर्व एकत्र आले म्हणजे ‘रथ’ हा शब्द वापरला जातो, हे राजाच्याच तोंडून वदवून घेतल्यावर नागसेन म्हणतात, नावाचेही तसेच आहे. अनात्मवादाचा इतका सोपा पाठ दुसरा नाही. आठवीच्या मुलांना मी तो सायकल उघडून शिकवितो.

दुसरा प्रसंग त्याहूनही आपल्या कामाचा. वादाला बसण्यापूर्वी नागसेन एक अट घालतात: पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर बोलेन, राजाच्या रीतीने बोलणार असाल तर नाही. फरक कोणता? पंडितांच्या वादात गुंता घातला जातो, सोडविला जातो, चूक दाखविली जाते आणि कोणी रागावत नाही. राजांच्या वादात मात्र राजा एक बाजू घेतो, आणि जो न पटल्याचे सांगेल त्याला दंड करतो. मिलिंद पंडितांची रीत मान्य करतो. हातात सत्ता असलेला माणूस एका चीवरधारी भिक्षूपुढे सत्ता बाजूला ठेवून बसतो, ही घटना जातीच्या उतरंडीत वाढलेल्या समाजाने किती वेळा पाहिली असेल?

ग्रंथाच्या शेवटी राजा पुत्राला राज्य देऊन गृहत्याग करतो व अर्हत होतो, असे सांगितले आहे. प्लुटार्कची छावणीतली कथा याच्याशी जुळत नाही. राजाच्या आयुष्याचा शेवट ठरविण्यासाठी मी पाली ग्रंथावर अवलंबून राहणार नाही. त्याच्या बौद्धिक स्वभावाची स्मृती मात्र ग्रंथाने राखली, असे मानण्यास हरकत नाही.

हा ग्रंथ आधुनिक वाचकांपुढे आला तो युरोपच्या वाटेने. डॅनिश विद्वान ट्रेंकनर यांनी १८८० मध्ये मूळ पाली संहिता प्रसिद्ध केली. ऱ्हिस डेव्हिड्स यांचे इंग्रजी भाषांतर १८९० आणि १८९४ मध्ये दोन भागांत निघाले. आपल्याकडे धर्मानंद कोसंबींनी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली आणि पालीच्या अभ्यासाला येथे पाया मिळाला. पुढे मुंबई विद्यापीठाने वाडेकर यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती १९४० साली काढली.

बाबासाहेबांनी नावे निवडण्यात कधीही हयगय केली नाही. दादरच्या घराला ‘राजगृह’ हे मगधाच्या जुन्या राजधानीचे नाव. पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना १९४५ ची. १९४६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या महाविद्यालयाला ‘सिद्धार्थ’ हे नाव. १९५० च्या जूनमध्ये औरंगाबादला दुसरे महाविद्यालय सुरू झाले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि उच्च शिक्षणाच्या दृष्टीने अगदी उपेक्षित होता. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. त्या महाविद्यालयाला पुढे ‘मिलिंद’ हे नाव देण्यात आले आणि सभोवतीच्या विस्तीर्ण परिसराला ‘नागसेनवन’.

येथे थोडे थांबून विचार करावा. महाविद्यालयाला नागसेनाचे नाव का नाही? उत्तरे तर नागसेनाने दिली! मला वाटते, बाबासाहेबांनी जागेची वाटणी नेमकी केली. झाडांची सावली, वसतिगृहे, सगळा आसमंत गुरूच्या नावाचा. आणि ज्या इमारतीत विद्यार्थी शिकावयाचा ती प्रश्न विचारणाऱ्याच्या नावाची. ज्यांच्या वाडवडिलांना प्रश्न विचारण्याची मनाई होती, त्यांच्या मुलांसाठी हे नाव निवडले गेले.

त्या मनाईची नावातही खूण होती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे नाव जुगुप्सित, म्हणजे किळस वाटावी असे असावे, असा नियम आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ज्या ग्रंथाचे दहन झाले, त्यातला हा नियम. कचरू, धोंडू अशी नावे सर्वच जातींत मूल जगावे म्हणून, दृष्ट लागू नये म्हणूनही ठेवीत, हे खरे आहे आणि ते सांगितले पाहिजे. परंतु इतरांच्या घरी ते नाव नवसापुरते असे आणि शेजारी दुसरे चांगले नाव असे. आपल्या घरी तेच एक नाव जन्मभर, तेही तोडून, ‘कचऱ्या’, ‘धोंड्या’ करून हाक मारण्यासाठी. म्हातारा झाला तरी गावातले पोर त्याला ‘अरे’ म्हणे.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर हे बदलले, आणि झपाट्याने बदलले. दीक्षेसाठी नागपूरला जाणे ज्यांना जमले नाही, त्यांनीही घरातल्या पुढच्या मुलाचे नाव बदलून दीक्षा घेतली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. नाव ठेवण्यास पैसा लागत नाही, जमीन लागत नाही, पाटलाची परवानगी लागत नाही. औरंगाबादला शिकून आलेला एखादा तरुण गावात मास्तर किंवा कारकून होई. त्याच्या तोंडून ‘मिलिंद’ हा शब्द रोज ऐकलेला असे. ज्या माउलीला पाली ठाऊक नाही आणि ग्रीस कोठे आहे हे ठाऊक नाही, तिने ग्रीक राजाचे नाव पाळण्यातल्या मुलाला ठेवले, ते ‘बाबासाहेबांच्या कॉलेजाचे नाव’ म्हणून. मुलाने कोठे जावे, हे त्या नावातच तिने सांगून ठेवले होते. एका नावासाठी आपल्या समाजाने काय मोजले, हे मराठवाड्याने पाहिले आहे. विधिमंडळाच्या २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत सोळा वर्षे लागली. त्यामुळे ‘नावात काय आहे’ असे कोणी म्हटले की माझ्या पिढीला ते रुचत नाही.

अशा रीतीने साठ-सत्तरच्या दशकांत महाराष्ट्रात दोन प्रकारचे मिलिंद एकाच वेळी वाढत होते. याचे गमतीदार उदाहरण संगीतात सापडते. प्रल्हाद शिंदे यांचे पुत्र आनंद आणि मिलिंद शिंदे यांचे सूर आपल्या जयंतीच्या मिरवणुकांत ओळखीचे. आणि हिंदी चित्रपटांत ‘आनंद-मिलिंद’ म्हणून गाजलेली संगीतकार जोडी ही संगीतकार चित्रगुप्त यांच्या मुलांची. दोन भिन्न घरे, भावांची नावे मात्र तीच. अभिनेते मिलिंद सोमण, ‘शाळा’चे लेखक मिलिंद बोकील, उद्योजक मिलिंद कांबळे अशी यादी पुढे लांबविता येईल. नुसत्या नावावरून माणसाची जात ओळखता येऊ नये, असे फार थोड्या मराठी नावांच्या बाबतीत घडले. मिलिंद हे त्यांतले एक. आपल्या मुलांना याचा लाभ झाला, पण तो मर्यादित. शहरात भाड्याची खोली पाहावयास गेलेल्या मिलिंदला घरमालक हसून ‘या, बसा’ म्हणतो आणि लगेच विचारतो, ‘आडनाव काय?’ आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकांना हा दुसरा प्रश्न पाठ आहे.

मिलिंदाचे नाव आपण घेतले, तसे यवनांनीही आपली नावे घेतली होती, आणि याचा पुरावा येथून फार दूर नाही. द्वारका चौकातून महामार्गाने मुंबईच्या दिशेने निघाले की पांडवलेणी, म्हणजे प्राचीन त्रिरश्मी पर्वत, लागतो. तेथील चोवीस लेण्यांपैकी क्रमांक सतरा हे लेणे कोणा सातवाहन राजाचे वा क्षत्रपाचे नाही. ते एका यवनाने कोरविले. शिलालेखात तो आपल्याला उत्तरेकडचा, दत्तामित्री नगरचा योनक म्हणवितो. दत्तामित्री हे डेमेट्रियसच्या नावाने वसलेले नगर असावे. त्याचे स्वतःचे नाव इंद्राग्निदत्त, वडिलांचे धम्मदेव, मुलाचे धम्मरक्षित. लेणे, चैत्यगृह आणि पाण्याची टाकी त्याने आईवडिलांच्या सन्मानार्थ, मुलासह, भिक्षुसंघाला दिली. तीन पिढ्यांपैकी एकाचेही नाव ग्रीक नाही! कार्ले आणि जुन्नरच्या लेण्यांतही यवन दाते भेटतात. सिंहली वंशग्रंथ तर सांगतात की, अशोकाच्या काळी अपरान्तात, म्हणजे कोकणपट्टीत, धम्मप्रसारासाठी जो स्थविर पाठविला तो ‘योनक धम्मरक्खित’ होता. यवनाला धम्माने धम्मरक्षित केले. आणि दोन हजार वर्षांनी धम्माकडे परतलेल्या महाराष्ट्राने आपल्या मुलांना मेनांद्रोस हे नाव दिले. सहलीला लेण्यांवर जाणाऱ्या शिक्षकांनी तिसऱ्या व दहाव्या लेण्यांची भव्यता अवश्य दाखवावी, पण सतराव्यापुढे मुलांना जरा जास्त वेळ बसवावे.

भारताबाहेर हे नाव आज नांदते ते श्रीलंकेत. तेथे ‘मिलिंदा’ असा उच्चार करतात. राजकारणी मिलिंदा मोरागोडा आणि क्रिकेटपटू मिलिंदा सिरिवर्धना ही त्यांतली जाणती नावे. तेथे भुंग्याचा प्रश्नच नाही. नाव सरळ पाली ग्रंथातून आलेले.

आपल्याकडे आता ते मागे पडत चालले आहे. सध्याच्या हजेरीपटावर मला मिलिंद दिसतो तो बहुतेक मधल्या रकान्यात, वडिलांच्या जागी. नव्या आईवडिलांना दोन अक्षरी, कोठेही खपेल असे नाव हवे असते. त्यात गैर काही नाही, आपल्या आजी-आजोबांनीही त्या काळचे नवे नावच निवडले होते. नागसेन हे नाव मात्र तेव्हाही थोड्यांनीच ठेवले आणि आताही थोडेच ठेवतात. त्याला भुंग्याची आड नाही, दुसऱ्या कोणत्याही घरात ते सहसा नसते, आणि ऐकताक्षणी ते कोणाचे हे कळते. यंदाच्या पाचवीच्या प्रवेशयादीत एक नागसेन आहे. वडिलांचे नाव मिलिंद.